पोटाचा फ्लू

सेल्माला भोचक म्हणणारे हॅनकॉक गावात पुष्कळ होते, आणि ते खोटं बोलत नव्हते. जन्मभर तिने शाळेची बस चालवली, तीही मुलांना प्रश्न विचारून भंडावत. निवृत्तीनंतर ते प्रश्न औषधाच्या दुकानातल्या ब्रिजेटच्या वाट्याला आले.

यंदा थंडीच्या तोंडाशी प्रश्न एकच होता. नवरा रूडी दम्याचा माणूस, मागच्या हिवाळ्यात फ्लू होऊन मरणाच्या दारातून परत आलेला. पुन्हा झाला तर कठीण आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण लस म्हटली की रूडी कानावर हात ठेवी. "घेतली होती की एकदा! दुसऱ्याच दिवशी फ्लू. आतडी बाहेर यायची बाकी होती."

"गोवराची लस शंभरातल्या सत्त्याण्णवांना वाचवते म्हणतेस," सेल्मा काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली, "मग फ्लूच्या लशीलाच काय धाड भरलीय?"

"गोवर आहे तसाच राहतो, फ्लू दरवर्षी सोंग बदलतो," ब्रिजेट म्हणाली. "चांगल्या वर्षी लस साधारण निम्मी आजारपणं टाळते. आणि झालाच, तरी बहुधा हॉस्पिटलपर्यंत जात नाही."

"म्हणजे आमचा रूडी नेमका उरलेल्या निम्म्यात पडला!"

"तेव्हा खोकला होता त्यांना? ताप?"

"छे गं, नुसते उलट्या-जुलाब. पोटाचा फ्लू. अर्ध्या चर्चला झाला होता."

ब्रिजेटला हसू आवरेना. "सेल्मा, तो फ्लू नव्हेच! आपल्याकडे पोट बिघडलं की सगळे फ्लू म्हणतात. त्याला लस काय करणार? चर्चमध्ये खाल्लं काय होतं?"

घरी येईपर्यंत सेल्माच्या डोक्यात तोच प्रश्न घोळत होता. रविवारचं चर्चचं जेवण, प्रत्येकीने घरून काहीतरी केलेलं. तिचं अंडं-बटाट्याचं सॅलड. फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून ते तिने आदल्या दिवशीच सौनाच्या, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या गारठलेल्या खोलीत ठेवलं होतं. आणि तो आदला दिवस म्हणजे शनिवार! शनिवारी रूडी सौना तापवणार नाही आणि त्याबरोबर ती खोली तापणार नाही, असं कधी झालंय?

रूडी अंगणात लाकडं रचत होता. "सॅलडचं भांडं सौनात होतं ना रे, तू ती लस घेतलीस तेव्हा?"

रूडीने हातातलं लाकूड खाली ठेवलं. "होतं. कोमट झालं होतं. पण ते आठवलं संडासात बसल्यावर."

"मग लशीला का बोल लावलास?"

"तुझ्या सॅलडचा चर्चमध्ये केवढा मान! लस काही रडत बसणार नव्हती."

"आणि नंतर दर वर्षी नाही म्हणत राहिलास? मेला असतास की, मूर्खा!"

"एकदा बोललो, मग निभवावं लागलं. घेतली असती तर तू विचारलं असतंस, आता कशी चालते म्हणून."

सेल्माला हसू आलं आणि रडूही. विचारण्यासारखं अजून पुष्कळ होतं, पण तिने त्यातलं काहीच विचारलं नाही.

"कोट घाल," ती म्हणाली. "दुकान बंद व्हायच्या आत पोचू."