न छापलेलं नाटक

मुजावरकाकांनी आपल्या नाटकाची संपूर्ण प्रत कधी कुणाच्या हाती दिली नाही. पहिल्या भेटीत मला त्यांनी टाचणी लावलेले चार कागद दिले. मी नुकतीच पुण्याहून गाझियाबादला आले होते, आणि काका आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. कागदांवर फक्त माझी भाषणं होती, आणि प्रत्येक भाषणाआधी समोरच्या नटाचे शेवटचे दोन-तीन शब्द.

"बाकीचं नाटक कुठंय?" मी विचारलं.

"बाकीच्यांकडे. अगं, याला नक्कल म्हणतात. ज्यानं त्यानं आपली भाषणं न्यायची. पूर्ण नाटक पाहिजे असेल तर तालमीला यायचं."

काकांची सगळी नोकरी सरकारी खात्यात नकाशे काढण्यात गेली. अक्षर असं, की झेरॉक्स काढायची लाज वाटावी. मूळचे साताऱ्याचे, पण भाजीवाल्याशी "अरे यार, बिल्कुल नहीं" करत भांडताना कुणी ओळखलं नसतं. तालमीत मात्र कुणाच्या तोंडून "चलो, शुरू करते हैं" निघालं, की अंक पुन्हा पहिल्यापासून. आम्ही जाम वैतागायचो.

नाटक पानिपतावरचं होतं. लढाई संपल्यावर तिथंच मागे राहिलेल्या पाच माणसांचं. मी त्यातली बाळंतीण, काका स्वतः आचारी. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष तालीम पाहायला आले आणि त्यांचा चेहरा पडला.

"मुजावर, तलवार नाही, घोडा नाही, हे कसलं पानिपत? शेवटी निदान एक जयजयकार टाका. नाहीतर हॉलचं अवघड आहे."

"घोड्याला भाषणं पाठ होत नाहीत," काका म्हणाले. "आणि हरलेल्या माणसालाही संध्याकाळी भूक लागते. शेवट बदलणार नाही."

हॉल मिळाला नाही. आम्ही सोसायटीच्या तळघरात, पार्किंगमध्ये प्रयोग केला. ऐन रंगात गार्ड आला, "ये गाड़ी किसकी है?" काका आचाऱ्याच्याच आवाजात म्हणाले, "थांब बाबा, भाकरी होऊ दे." त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो शेवटपर्यंत बसून राहिला.

त्यानंतर मी पुस्तकाचा विषय काढला. "काका, छापू या. तुमच्यामागे काहीतरी राहायला नको का?"

"पुस्तक एकटा माणूस आडवा पडून वाचतो. माझ्या नाटकासाठी पाच माणसं उभी करावी लागतात. कुणी उभं राहिलं नाही, तर ते मेलेलंच बरं."

मी चिडले. हा हट्ट नव्हे, माज आहे, असं तोंडावर म्हणाले आणि दोन महिने बोलले नाही. याची मला आजही लाज वाटते.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. मंडळाला स्मरणिका काढायची होती, त्यांनी फोटो आणि नाटकाची प्रत मागितली. काकींनी आणि मी घर उलथंपालथं केलं. प्रत नव्हतीच. मग मी उरलेल्या तिघांना हाक मारली. एकजण गुडगावहून आला, दोघं दिल्लीतूनच आले. कुणी घडी घालून, कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पण नकला सगळ्यांनी जपल्या होत्या. चारी नकला जमिनीवर मांडल्या आणि नाटक जुळत गेलं. फक्त आचारी नव्हता. स्वतःची भाषणं काकांना पाठ होती, त्यांनी स्वतःसाठी नक्कल लिहिलीच नव्हती.

हाती होती ती त्यांच्या भाषणांची शेपटं, आमच्या कागदांवर आमच्यासाठी लिहिलेली. "...पीठ उरलंय अजून." "...मोजून वाढा." "...चूल कुणी विझवायची नाही." त्या शब्दांच्या आधीचं सगळं कोरं.

तीन रविवार आम्ही ते लिहीत बसलो. भांडलो, खोडलं, "काका असं बोलायचे नाहीत" म्हणत पुन्हा लिहिलं. मध्येच अध्यक्षांचा फोन आला. हॉल द्यायला तयार होते, फक्त प्रत हवी होती, आणि शेवटी तो जयजयकार.

"प्रत मिळणार नाही," मी सांगितलं. "शेवटही तोच राहील. बघायचं असेल तर या."

माझं बाळंतिणीचं काम मी दुसरीला दिलंय. आचाऱ्याची भाषणं आता थोडी त्यांची, बरीचशी आमची आहेत, आणि जोड कुठे आहे ते मी कुणाला सांगणार नाही. रविवारी तळघरातच प्रयोग आहे. आचारी मी आहे.