लेकरू आधी कावेरी बघणार

बाळंतपण झालं की बाई त्याच्या कळा विसरते म्हणतात. विसरत असेल. नर्स मात्र काही विसरत नाही. उभी नोकरी मी कुंभार पिंपळगावच्या अलीकडच्या एका गावात उपकेंद्रावर काढली आणि तिथले किस्से माझ्याकडे माळ्यावरच्या गोधड्यांसारखे साठलेत. एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात. परवा एका लग्नात बाबूभाई भेटले. फाट्यावर त्यांची काळी-पिवळी जीप असायची. मला बघितल्याबरोबर, राम राम नाही, श्याम श्याम नाही, एकदम म्हणाले, "बाई, वो कावेरी कैसी है?" झालं. पंगत उठली तरी आम्ही दोघं उठलो नाही.

*

कावेरी म्हणजे गयाबाईची सून. पहिल्या खेपेला पोरगी आडवी होती, म्हणून जालन्याला नेऊन पूर्ण भूल देऊन सिझर केलं होतं. चार वर्षांनी परत दिवस गेले. मी तपासायला गेले, तर पोटावर हात ठेवायच्या आत तिनं जाहीर केलं, "शिष्टरबाई, ह्या बारीला घरीच. दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई."

मी म्हटलं, "का गं? कापाकापीला भ्यालीस?"

"भ्यायची न्हाई मी. कापा की. पण मला झोपवलं ना तुम्ही लोकांनी."

मग तिनं सगळं सांगितलं. जाग आली तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. नाक सासऱ्याचं, रंग आत्याचा, कपाळ माहेरचं. हिनं अजून पोरीचं तोंड पाहिलेलं नाही आणि बाकीच्यांची वाटणी करून झालेली. "संध्याकाळी एसटीचा कंडक्टर आल्ता. आत्याबाईच्या वळखीचा. मला म्हणतो, वहिनी, पोरगी लई गोड हाय, म्या सकाळीच पाह्यली. शिष्टरबाई, नऊ महिने मी वागवली आन कंडक्टरनं आधी पाह्यली."

मला हसू आलं, ते मी खोकल्यावर नेलं. कारण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. घरी बाळंत व्हायचं, जागं राहायचं आणि लेकरू सगळ्यांच्या आधी आपण बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं. पण माझा हिशेब वेगळा होता. आधी कापलेली पिशवी कळांच्या जोरानं उसवली, तर आमच्या गावातून जालना गाठेपर्यंत आई राहत नाही आणि लेकरूही राहत नाही. तिला लेकरू आधी बघायचं होतं, आणि मला ते बघायला ती जिवंत हवी होती.

*

घरी बाळंतपण म्हणजे सखूबाई सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर झालेलं. पण टाके असलेल्या बाईला हात लावायची तिची छाती नव्हती, आणि "मला भेव वाटतं" हे कबूल करायची तर मुळीच नव्हती. कावेरी खण-नारळ घेऊन तिच्या गल्लीत वळली की सखूबाई पिशवी उचलायची. "जांबेला चालले माय, नवस हाय." जांब समर्थ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. सखूबाईच्या वाऱ्या इतक्या वाढल्या की गावातल्या बाया तिच्या पाया पडायला लागल्या.

शेवटी कावेरी स्वतःच जांबेला गेली. देवळात सखूबाई खांबाला टेकून बसलेली. हिला पाहिलं आणि तिनं डोळे मिटून ध्यान लावलं. कावेरी समोर मांडी घालून बसली. बऱ्याच वेळानं सखूबाईनं डोळे न उघडताच शेजारच्या बाईला विचारलं, "गेली का?"

"न्हाई," कावेरी म्हणाली.

सखूबाईनं हात जोडले. "माय, समर्थ लग्नाच्या मांडवातून पळाले, त्यांला कुणी काई म्हन्लं न्हाई. मंग मलाच कामून धरून राह्यली?"

*

गयाबाईही आधी सुनेच्याच बाजूची. "आमच्या चार पिढ्या घरात झाल्या." मी तिला समजेल असं सांगायला गेले. कापसाचे दिवस होते. म्हटलं, "गयाबाई, पोतं मधोमध फाडलं, परत शिवलं आणि ठासून भरलं, तर कुठून फाटेल?"

ही चूक झाली. कापूसवाल्या घरात पोत्याचा दाखला द्यायचा नसतो.

"ते शिवणारावर हाय," गयाबाई म्हणाली. "माझी शिवण जात न्हाई." आणि तिनं तिथल्या तिथं एक भलंमोठं पोतं विळ्यानं चिरलं, दाभण-सुतळी घेऊन दुहेरी शिवलं आणि वाशाला टांगलं. कापूस तुडवायला आत कोण उतरणार? तिचे मालक, आबा. आबा आत, वरून कापसाचे भारे, आणि भोवती अर्धं गाव. "तुडवा," गयाबाई म्हणायची. आबा तुडवायचे. "आजून तुडवा." आबांचं फक्त मुंडासं दिसत होतं.

शिवण राहिली. बिलकुल हलली नाही. शिवणीच्या शेजारून पोतं टर्रकन फाटलं आणि आबा कापसासकट, पाय पुढं करून, खाली आले.

आबा जमिनीवर, नखशिखांत पांढरे. कावेरी म्हणाली, "पण शिवण राह्यली की आत्याबाई." गयाबाईचं शिवणीकडं लक्षच नव्हतं. ती नुसती आबांकडं बघत होती. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी विचारलं, "गयाबाई, पाचवी कधी पुजायची?"

गाव हसून लोळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई माझ्या दारात उभी. पदराचं टोक चाळवत म्हणाली, "दवाखाना कोणता म्हन्ल्या तुम्ही?"

*

आता एकटी कावेरीच घराच्या बाजूला राहिली. म्हणजे ती आणि तिचा नवरा भगवान, पण भगवान सासू-सुनेच्या भांडणात कधी मोजला जायचा नाही. डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवतात. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा उघडला तर मुलगा, बर्फी उघडली तर मुलगी. कावेरी पाटावर बसली, हिरवी साडी, फुलांची वाडी, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरगा का पोरगी, जे येईल ते माझंच हाय. पेढा निघाला तर घर, बर्फी निघाली तर दवाखाना. मंग कुणी वाद घालायचा न्हाई."

तिला सकाळीच हे ठरवताना मी ऐकलं होतं. मी नर्स आहे, नशिबावर सोडत नाही. मी गुपचूप दोन्ही वाट्यांत बर्फी ठेवली. ते भगवाननं पाहिलं आणि बायकोसाठी दोन्हीत पेढे ठेवले. ते गयाबाईनं पाहिलं आणि परत बर्फी. ते परत भगवाननं पाहिलं.

कावेरीनं वाटी उघडली. रिकामी. दुसरी उघडली. तीही रिकामी. कोपऱ्यात आबा मिशा पुसत होते. आबांना साखरेचा आजार, गोड मीच बंद केलेलं. मी नुसतं त्यांच्याकडं पाहिलं.

"आता माझ्याकडं काय बघता," आबा म्हणाले. "तुम्ही लोक घडीघडी ठेवून राह्यले, घडीघडी काढून राह्यले. मला वाटलं कुणालाच नको हाय."

कावेरी दोन्ही वाट्यांकडं बघत राहिली. "घर न्हाई, दवाखाना बी न्हाई," ती म्हणाली. "म्हंजी रस्त्यात."

जेवायला आलेल्या बाबूभाईंचा घास हातातच राहिला. "बाई, अपनी जीप में नको हां. कालच सीटकव्हर टाकलेत."

*

मग मी तिला एसटीत घालून जालन्याला एका डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मॅडम म्हणजे करडं काम. त्यांचा आवाज जिन्यात आला की वॉर्डातले नातेवाईक बिड्या विझवायचे. त्यांनी तपासलं, जुने कागद पाहिले. म्हणाल्या, "डोकं खाली आहे, काप खालचा आहे, दोन बाळंतपणांत अंतर चांगलं आहे. नॉर्मल होऊ शकतं, आपण वाट बघू. पण इथं. घरी नाही. अडलं तर मला लगेच ऑपरेशन करता आलं पाहिजे."

"झोपवणार?" कावेरीनं विचारलं.

"नाही. ऑपरेशन लागलंच तर कमरेत इंजेक्शन देईन. जागीच राहशील."

"मंग लेकरू आधी मी बघणार."

"बघ की."

"माझ्या आधी कुणी बघायचं न्हाई."

मॅडम औषधं लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाही बघत." मी कावेरीला ओळखत होते. मॅडम ओळखत नव्हत्या. आपण कुणाला शब्द दिला हे त्यांना काही कळलं नाही.

परतताना ती खिडकीशी बसली होती. एकदम म्हणाली, "मॅडम खोटं तर बोलणार न्हाई?" तेवढ्यात तिकिटं काढत कंडक्टर आला. तोच, गयाबाईच्या ओळखीचा. "काय वहिनी, ह्या बारीला कधी?"

"तुमाला सांगायचं न्हाई," कावेरी म्हणाली आणि पोटावर पदर ओढून घेतला.

*

ठरलं असं की थोडे दिवस आधी तिनं जालन्याला नणंदेकडं जाऊन राहायचं. तोवर कळा आल्याच तर? गावात फोन नव्हता. फाट्यावरून आमच्या गावाची माळवदं दिसायची. भगवाननं बाबूभाईंना सांगितलं, "माळवदावर लाल लुगडं दिसलं की जल्दी या."

शेजारच्या कडूबाईंनी, वय साठीच्या पुढचं, दुसऱ्याच दिवशी आपलं लाल लुगडं धुऊन माळवदावर वाळत घातलं. बाबूभाईंनी भरलेल्या जीपमधले पॅसेंजर खाली उतरवले आणि हॉर्न वाजवत आले. दारात एक बाई, तोंडावर पदर, हातात पिशवी. बाबूभाई अदबशीर माणूस. अवघडलेल्या बाईच्या तोंडाकडं कसं बघायचं, म्हणून त्यांनी गाडीतला आरसासुद्धा आधीच फिरवून ठेवला होता. "चलो भाभी, डरो मत." मागच्या सीटवर उशी होती, कडूबाई आडव्या झाल्या. जन्मात असा मान त्यांना कुणी दिला नव्हता.

निम्म्या वाटेवर बाबूभाईंनी समोर बघतच विचारलं, "भाभी, दर्द कितना है?"

"गुडघ्याला हाय रं बाबा," मागून आवाज आला. "लई वर्षांपासून हाय. मला बाजारापाशी उतरव."

*

खऱ्या कळा आल्या त्या नणंदेकडं जायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी. लुगडं चढलं. या वेळी बाबूभाईंनी आधी पदर बाजूला करायला लावून तोंड पाहून घेतलं, मगच गाडी चालू केली. मागं कावेरी, मी आणि गयाबाई, पुढं आबा आणि भगवान. रस्ता तसा खराबच. प्रत्येक खड्ड्याला बाबूभाई "या अल्ला" म्हणायचे आणि गयाबाई "समर्था". माझा हात कावेरीच्या जुन्या कापावर. तिथं दुखतंय का, एवढंच मी विचारत होते.

वाट्यांचं भविष्य खोटं पडलं. जालना गाठलं. बाबूभाईंनी सीटकव्हर पाहिलं आणि मगच घाम पुसला.

आत कावेरीपाशी मी आणि गयाबाई; दिवस कलेपर्यंत काही पुढं सरकेना. मग एकाएकी बाळाचे ठोके मंदावले. मॅडमनी माझ्याकडं पाहिलं आणि थिएटर तयार करायला सांगितलं. कावेरीनं माझं मनगट धरलं. "झोपवणार?"

"नाही गं. जागीच राहशील."

"मंग बराबर," ती म्हणाली आणि असा जोर केला की माझ्या मनगटावर तिच्या बोटांचे वळ उठले. मॅडम ओरडल्या, "थांबा, थांबा, इथंच होतंय." बाळ आलं. तोंड खाली करून आलं, मॅडमनी टॉवेलात झेललं आणि ते रडलं. मी देवाचं नाव घेतलं आणि पुढं वाकले.

"डोळे मिटा," कावेरी म्हणाली.

मॅडमना वाटलं बाई भ्रमात बोलतेय. "काय म्हणालीस?"

"शब्द दिल्ता तुम्ही. कुणी बघायचं न्हाई."

गयाबाईनं मुकाट्यानं भिंतीकडं तोंड केलं. मीही फिरले. मॅडम म्हणाल्या, "अगं, मी डोळे मिटले तर लेकरू पडेल."

"मंग वर बघा."

आणि ज्यांना अख्खा वॉर्ड भ्यायचा त्या मॅडमनी वर पंख्याकडं बघत, हात पुढं करून, टॉवेलातलं ते लेकरू चाचपत चाचपत तिच्या छातीवर ठेवलं. बाळ रडायचं थांबलं. खोलीत नुसता पंख्याचा आवाज. मॅडम वर बघतायत, आम्ही दोघी भिंतीकडं.

बाहेरून भगवाननं दार वाजवलं. "काय झालं? पोरगा का पोरगी?" त्याच्या मागून आबा, आबांच्या मागून बाबूभाई, "बोलो ना बाई, क्या हुआ?"

आत कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी गयाबाईनं भिंतीलाच विचारलं, "आगं माय, सांग की. काय हाय?"

कावेरीचा आवाज आला, सावकाश.

"थांबा आत्याबाई. आजून मीच बघून राह्यले."