नव्या माशाचा अर्धा तास

मासा आडवा पडला, पोटाची पांढरी बाजू वर, अन् मी काचेवर बोटं आपटत नुसती ‘उठ रे, उठ रे’ म्हणत राहिले. पाचच मिनिटं झाली व्हती त्याला टाकीत सोडून. टाकी आमच्या ह्यांच्या हौसेची, पण हे पुण्याला कंपनीत, लातुरात मी अन् लेकरू दोघंच. रोज संध्याकाळी ह्यांचा व्हिडिओ कॉल यायचा, पहिलं म्हणायचे, ‘मासे दाखव.’ जुना मासा एकलाच फिरायचा, मला बघवंना, म्हणून त्याला जोडी आणली, पिशवीचं रबर सोडलं अन् दिली वतून टाकीत. दुकानदाराला फोन लावला तर तो भडकला, ‘ओ ताई, पावणा उंबऱ्यात आला की लगेच ताटावर बसवता का? आधी पाय धुवायला पाणी देता ना? बंद पिशवी अर्धा तास टाकीत तरंगू द्यायची, मग टाकीतलं थोडं थोडं पाणी पिशवीत घालायचं, मग सोडायचं!’ मला लई रडू आलं. नायगावहून लगीन होऊन आले तवा मला तरी कुणी दिला व्हता अर्धा तास? तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. मी जुन्या माशावरच कॅमेरा धरला. ‘बरा हाय की गडी,’ म्हणून हसले, अन् मी कशी हाय ते न इचारताच फोन ठिवला. नव्याची शेपटी तवर हलायची थांबली व्हती. आजबी हॉटेलातली रबर लावलेली सांबाराची पिशवी हातात आली की मला रबर सोडवंना. ह्यांना मी अजून सांगितलं न्हाई. माझ्या जागी तुमी असता तर सांगितलं असतं का?