टाळीशिवाय हाक

सुगंधा इथल्या, राई गावातलीच. पंधरा वर्षं अंगणवाडी सांभाळतेय. आम्ही गिरगावातून इथल्या नव्या बिल्डिंगमध्ये आलो, तेव्हा पहिली ओळख तिचीच झाली. तरी तिने ते व्हिडिओचं काम घेतलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

एका इस्पितळाच्या अभ्यासासाठी ती दीड वर्षाच्या मुलांचं शूटिंग करायची. मागून नावाने हाक मारायची, मूल वळतं का? खिडकीकडे बोट दाखवायचं, मूल तिकडे बघतं का? ऑटिझमची लक्षणं इतक्या लवकर ओळखता येतात का, ते डॉक्टर तपासत होते म्हणे. मला काहीतरी काळंबेरं वाटलं. लोकांची लेकरं मोबाइलमध्ये भरून काय करायचंय हिला?

माझ्या नातवासाठी, निकेतसाठी आली, तेव्हा सुनेने, संपदाने, फॉर्मवर सही केली. मी म्हटलं, "विकणार नाहीस ना गं हे?"

"काकी, तुमचा नातू कोन घेनार इकत? एका टायमाला तीन केळी खातो."

तिने मागून हाक मारली. निकेत गाडीचं चाक फिरवत बसला. पुन्हा मारली. तेच.

"घरात त्याला बाब्या म्हणतात," मी फटकारलं. "निकेत कोण, त्याला काय ठाऊक? तुझी परीक्षाच खोटी."

"मंग तुमीच मारा हाक."

मी टाळी वाजवली, "बाब्या!" तो झटकन वळला. "बघ!"

"कान चांगले हायत. आता टाळी नको, काकी. नुसती हाक."

तीन महिने मी टाळीशिवाय त्याला हाक मारलीच नव्हती. का, ते मला कळत होतं, आणि संपदाला मी कळू दिलं नव्हतं.

"मारा ना, आई," संपदा म्हणाली.

मनात देवीचं नाव घेतलं. "बाब्या." चाक फिरतच राहिलं. "बाब्या, राजा."

संपदाने माझ्याकडे पाहिलं. ज्या नजरेने मी सुगंधाकडे बघत होते, तीच नजर. "तुम्हाला माहीत होतं?"

मी बाब्याला मांडीवर ओढलं.

सुगंधा खाली बसली. "यावरून काय ठरत न्हाय. डॉक्टर निवांत तपासतील. मंगळवारी इस्पितळात मी येते संगती." मग हळूच मला म्हणाली, "टाळीचा व्हिडिओ तेवढा काढून टाकू?"

"नको," मी म्हटलं. "तोसुद्धा पाठव. मी काय करत होते, ते डॉक्टरांना दिसू दे."