बापाचं घर

किल्लीमामाचं डोकं फिरायला एरवी कारण लागत नसे. या वेळी मात्र कारण होतं, आणि चांगलं खणखणीत होतं.

रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, देव बाप आहे, त्याच्या प्रेमाला अट नसते. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि त्याच आठवड्यात चर्च कमिटीचा सेक्रेटरी मामाच्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात येऊन म्हणाला, "चर्चचं कुलूप बदलायचंय. जुन्याची किल्ली तुमच्या चिरंजीवांकडे आहे."

चिरंजीव चर्चची झाडलोट करायचा, म्हणून त्याच्याकडे किल्ली. मागे एकदा तो दारू पिऊन आत शिरला, वेदीपुढच्या गालिच्यावर ओकला आणि तिथेच आडवा झाला. तेव्हापासून त्याने बाटलीला हात लावला नव्हता, पण घराबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं. आईला एकदाच विचारलं होतं, "मला परत आत घेतील का गं?"

"म्हणजे पोराच्या तोंडावर दार मीच लावायचं?" मामा कडाडला.

"तुमच्यासारखा कारागीर दुसरा आहे कुठे?"

"मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका! त्याने माफी मागितलीय ना?"

"मागितली असेल हो. पण वाट्टेल तेव्हा शिरायला चर्च म्हणजे काय त्याच्या बापाचं घर आहे?"

सेक्रेटरी गेल्यावर मामा भिंतींवर खेकसत बसला. आमची मंडळी पोराच्या पुढ्यात ताट घेऊन बसते, आणि देवाची मंडळी त्याच्यासाठी कुलूप आणते! वा रे मंडळी!

तरण्या वयात मामाने तरी कमी दिवे लावले होते का? चार-चार दिवस गायब व्हायचा, परतायचा तो घराची किल्ली हरवून. याच दुकानात त्याचा बाप गल्लीला ऐकू जाईल असा ओरडायचा, "गाढवा, नालायका, तोंड दाखवू नकोस!" आणि ओरडता ओरडता हात कानशीने नवी किल्ली घासत असायचे. देवाचं प्रेम मामाला प्रवचनातून कळलंच नव्हतं. शिव्या देत किल्ली करणाऱ्या बापावरून त्याने देव ओळखला होता. आता कोट घातलेली माणसं त्याला त्या देवाच्या अटी शिकवत होती!

नाही म्हणावं तर दुसरा कुणी येऊन दाराची चाळण करणार. मामाने पेटी उचलली. "अहो, चष्मा!" बायको मागून ओरडली. रागात ऐकतो कोण?

कमिटी बाकांवर बसून पहारा देत होती. कुलूप दार ओढलं की आपोआप लागणारं होतं, आतून मूठ फिरवून उघडायचं आणि बाहेरून किल्लीने. मामा स्क्रू असे आवळत होता, जणू प्रत्येकाखाली सेक्रेटरीच होता. काम झालं. सेक्रेटरीने दार ओढून पाहिलं. खट्‌. बंद.

"उत्तम! आता उघडा."

मामाने हात फिरवला. मूठ लागेना, बोटाला किल्लीचं भोक लागलं. मूठ गेली होती बाहेर. आणि किल्ल्या? त्याही बाहेर, पायरीवर. कमिटीने दार बडवायला सुरुवात केली. पाळकसाहेबसुद्धा बडवत होते.

"बाबा?" बाहेरून दबका आवाज आला. "आईने चष्मा पाठवलाय."

आतलं बडवणं थांबलं.

"मूठ फिरव," मामा म्हणाला.

दार सहज उघडलं. पोरगा चष्मा पुढे करून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, मान खाली घालून.

"मामा, उलटं बसवलंत!" सेक्रेटरी लालबुंद झाला. "आतल्याला किल्ली लागते आणि रस्त्यावरचा कुणीही आत येतो!"

मामाने चष्मा चढवला, कुलूप वरून खालून पाहिलं आणि स्क्रू-ड्रायव्हर पेटीत टाकला.

"बरोबर बसलंय."

मग तो पोराकडे वळून गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "गाढवा, दारात काय उभा राहिलास? तुझ्या बापाचंच घर आहे!"