सगळ्या वायरी काळ्या

माझा साडू मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नातेवाईक आहे म्हणून सांभाळून बोलला असं नंतर कुणी म्हणायला नको. आमच्या गॅरेजच्या गल्लीत त्याला ठिणगी म्हणतात. गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो म्हणून हे नाव पडलं, असं बाहेरच्यांना वाटतं. पण ज्याने त्याला एकदा तरी "अजून किती वेळ लागेल हो?" असं विचारलंय, त्याला खरं कारण ठाऊक आहे.

आम्ही दोघं एकाच शेडमध्ये काम करतो. शेड सासऱ्यांची. त्यांना दोन मुलीच. थोरली मला दिली, धाकटी त्याला, आणि जाताना शेड दोघांत मिळून ठेवली. नुसता आवाज ऐकून इंजिनाचा रोग सांगणारा माणूस, पण जावई निवडताना त्यांचे कान कुठे गेले होते कोण जाणे. एका बाजूला मी इंजिन, गिअर, ब्रेक बघतो. दुसऱ्या बाजूला तो दिवे, हॉर्न, बॅटरी बघतो. मध्ये ट्रकची जुनी ताडपत्री टांगलेली आहे. ती त्याने टांगली. का, तर माझ्या बाजूचं ग्रीस त्याच्या बाजूला उडतं म्हणे. ग्रीस काय चिमणी आहे उडायला?

ताडपत्री आली तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. बोलायचंच झालं तर आम्ही गाड्यांशी बोलतो. "काही लोकांना नेलेला पाना परत ठेवायची सवय नसते," असं मी एखाद्या बॉनेटला सांगतो. पलीकडून तो कुठल्यातरी हेडलाइटला सांगतो, "काही लोकांचे पाने असे असतात, की चोरालाही नेताना लाज वाटावी." गिऱ्हाइकांना याची सवय झाली आहे. नवीन कुणी आलं तर मात्र आपली गाडी उचलून पुढच्या गॅरेजात जातं.

त्याच्या कामातली एक खोड सगळ्या गल्लीला माहीत आहे. तो काळीच वायर वापरतो. बाकीचे वायरमन तांबडी, हिरवी, पिवळी, तपकिरी अशा वेगवेगळ्या वापरतात, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी गाडी उघडली तर कुठली वायर कुठे जाते ते त्याला कळावं. ह्याची गाडी उघडली की आत नुसता काळा गुंता. मग त्याच्या त्याला तरी कसं कळतं? तर दातांनी. वायरीच्या टोकाजवळ चावून तो खूण करतो. एक चावा म्हणजे अर्थिंग, दोन चावे म्हणजे येणारा करंट, तीन म्हणजे दिव्याकडे जाणारी. दुसऱ्या वायरमनला वाटावं गाडीला उंदीर लागले. त्यामुळे गिऱ्हाईक एकदा त्याच्याकडे गेलं की जन्माचं बांधलं जातं. हा त्याचा धंद्याचा कावा आहे, असं गल्लीत सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो, आणि चवीचवीने म्हणायचो.

पूर्वी तो असा नव्हता. म्हणजे वायरींच्या बाबतीत. स्वभाव पहिल्यापासून तसाच. त्याची लेक लहान असताना शाळा सुटली की शेडमध्ये यायची, बापाच्या शेजारी ऑइलचा डबा पालथा घालून बसायची आणि त्याला एकेक वायर हातात द्यायची. तेव्हा त्याचं काम रंगीत असायचं, आणि जीभ झडो माझी, फार सुबक असायचं. पोरगी मोठी झाली, बापाची विद्याही शिकली, पण तिला शेडमध्ये बसायचं नव्हतं. तिला गाडी चालवायची होती. एका लाँड्रीत तिने व्हॅन चालवायची नोकरी धरली, आणि त्या दिवशी ठिणगीने शेड डोक्यावर घेतली. "जायचं तर जा, पण पुन्हा या शेडमध्ये पाय ठेवायचा नाही!" मेहुणी रडली, माझी बायको मध्ये पडली, पण पालथ्या घड्यावर पाणी. मुलीने ड्रायव्हर व्हावं हे ह्याला खपलं नाही, असा आम्ही सगळ्यांनी अर्थ काढला. तेव्हापासून ती आईला भेटायला यायची ती बाप कामावर असताना. आणि तेव्हापासूनच सगळ्या वायरी काळ्या.

परवा दुपारी ती व्हॅन घेऊन आली आणि सरळ माझ्या बाजूला लावली. व्हॅनची डावी बाजू दारापासून मागच्या चाकापर्यंत खरवडून निघाली होती.

"काका, धुक्याच्या दिव्यांचं तेवढं करून द्या," ती म्हणाली. "ते एकटे लागायला हवेत."

डोंगरावरच्या रुग्णालयात धुतलेल्या चादरी पोचवायचं तिचं काम. डॉक्टर फेरीला निघायच्या आत चादरी वर पोचायला लागतात, आणि नेमकं त्याच वेळी वरच्या वळणांवर धुकं बसलेलं असतं. व्हॅनच्या बंपरमध्ये खाली धुक्याचे पिवळे दिवे आहेत. पण कंपनीने ते असे जोडलेत, की हेडलाइट लावल्याशिवाय लागत नाहीत. धुक्यात हेडलाइट लावला की सगळा उजेड उलटा डोळ्यांवर येतो, समोर पांढरी भिंत. खालचे दिवे एकटे लागले, तर निदान रस्त्याची कड दिसेल. आदल्या दिवशी त्या पांढऱ्या भिंतीत तिला वळणच दिसलं नाही. पुढचं चाक रस्त्याबाहेर गेलं आणि व्हॅन कठड्याला घासत थांबली. त्या वळणावर कठड्याचा तेवढाच तुकडा शिल्लक आहे.

"उद्या जाऊ नकोस," मी म्हणालो.

"उद्या मी नाही गेले तर परवापासून दुसरा ड्रायव्हर जाईल. मालकांनी तोंडावर सांगितलंय."

मी इंजिनवाला माणूस. फ्यूज बदलण्यापलीकडे मला वायरिंगमधलं काही येत नाही. पण पलीकडची खुडबूड एकदम थांबली होती, म्हणजे तो कान देऊन ऐकत होता. मग मला राहवेना. "देतो की करून!" मी मुद्दाम आवाज चढवून म्हणालो. "वायर वायरीला जोडायला काय अक्कल लागते?" आणि बॉनेट उघडून पक्कड हातात घेतली.

ताडपत्री अशी बाजूला झाली की फाटलीच असं वाटलं.

"हात लाव त्याला, मनगट मोडून ठेवीन!"

इतक्या वर्षांत तो माझ्याशी थेट बोलला ते हे पहिलं वाक्य. लेकीकडे त्याने पाहिलंच नाही. खरवडलेल्या पत्र्यावर हात ठेवून तो दारापासून मागच्या चाकापर्यंत चालत गेला, परत आला, आणि व्हॅनला म्हणाला, "बंपर खोलायला लागेल." लेक मुकाट्याने बंपर खोलायला बसली.

काम तसं सरळ होतं. हेडलाइटकडून धुक्याच्या दिव्यांच्या रिलेकडे, म्हणजे ते दिवे चालू-बंद करणाऱ्या डबीकडे, येणारी वायर तोडायची, आणि त्या रिलेला डॅशबोर्डवरच्या नव्या बटणाचा हुकूम द्यायचा. बटण पोरीने आणलं होतं. दिवे चालू राहिले तर लक्षात यावं म्हणून त्या बटणातच एक बारीक दिवा होता. त्यामुळे बटणाला तीन वायरी लागत होत्या: करंट येणारी, करंट नेणारी आणि अर्थिंगची. टेस्ट लॅम्प लावून त्याने कंपनीची वायर चटकन शोधली. मग आपल्या काळ्या वायरी कापल्या आणि खुणा करायला तोंडात धरल्या.

इथेच घोडं पेंड खायला लागलं. गेल्या महिन्यात त्याचे दात गेले आणि कवळी आली. कवळीने वायरीवर चावा बसत नाही. तो चावायचा, वायर घसरायची. पुन्हा चावायचा, टोक उजेडात धरून बघायचा, बोटाने चाचपायचा. मी हाताची घडी घालून हे बघत होतो आणि मला मजा येत होती. उगाच खोटं कशाला बोलू?

त्याने बटण दाबलं. टक् झालं, जळका वास आला आणि फ्यूज उडाला. धुक्याचे दिवे राहिले बाजूला, हेडलाइटही गेले.

"गाडीतच खोट आहे! सर्व्हिसिंग कुणाच्या हातचं आहे?"

"हो, माझं ग्रीस उडालं असेल," मी म्हणालो.

नवा फ्यूज घातला. वायरींची अदलाबदल केली. पुन्हा टक्. तोवर समोरचा सीटकव्हरवाला तमाशा बघायला येऊन उभा राहिला होता. ठिणगीने सगळ्या वायरी उपसल्या, एक तोंडात धरली आणि इतक्या रागाने चावली, की कवळीच निसटली आणि बॅटरीवर जाऊन पडली. सीटकव्हरवाला हसला. मीही हसलो. हसता हसता लाज वाटली वगैरे काही नाही. पोट धरून हसलो.

त्याने कवळी उचलली, बाहीला पुसली, पण तोंडात घातली नाही. तशीच हातात धरून उभा राहिला. दात नसताना त्याचं तोंड सासऱ्यांच्या शेवटच्या दिवसांतल्या तोंडासारखं दिसत होतं.

लेक उठली. तिने सीटखालून नव्या कोऱ्या वायरींची बंडलं काढली: तांबडी, हिरवी, तपकिरी. येतानाच घेऊन आली होती, म्हणजे मी नुसतं निमित्त होतो. माझ्या बाजूचा रिकामा डबा पालथा घातला, त्यावर बसली आणि एक टोक बापाच्या हातात दिलं.

"तांबडी," ती म्हणाली.

त्याने ते फेकून दिलं. "मला शिकवतेस?"

"शिकवत नाही, बाबा. सांगतेय. पूर्वी सांगायचे तसं." आवाज तिने खाली आणला होता, पण मी तिथेच तर उभा होतो. "तांबडी आणि हिरवी तुम्हाला सारख्याच दिसतात हे काकांना कळलं तर कळू दे. उद्या माझं चाक पुन्हा बाहेर गेलं, तर मग कुणापासून लपवत बसणार आहात?"

सीटकव्हरवाला शहाणा माणूस. त्याला एकदम आपलं दुकान उघडं असल्याची आठवण झाली.

पाणी कुठे मुरत होतं ते मला तेव्हा कळलं. ह्या माणसाला रंगच कळत नव्हते. डब्यावर बसणारी पोर त्याला वायरी देत नव्हती, रंग देत होती. ती गेली तसे त्याचे रंग गेले, म्हणून तो तिच्यावर भडकला. आणि म्हणून सगळं काळं करून दातांवर धंदा चालवला. मला त्याची दया यायला हवी होती. मला आला राग. आम्ही सगळे इतकी वर्षं त्याला लबाड म्हणत होतो आणि तो ते ऐकून घेत होता. लबाड म्हटलेलं चालेल, पण दिसत नाही म्हटलेलं चालणार नाही, असला हा माणूस!

"मी काही रोज इथे नसणार," लेक म्हणाली. "काकांना विचारा." आणि ती पुन्हा बंपरखाली शिरली.

तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. कवळी तोंडात बसवली. मग मागे न वळताच एक टोक खांद्यावरून माझ्यापुढे धरलं.

"ही कुठली?"

"तांबडी."

त्याने ते टोक घेतलं, खाली वाकला आणि बंपरखाली लेकीच्या डोळ्यांपुढे धरलं. "हा तांबडी म्हणतोय. खरं आहे का?"

"खरं आहे, बाबा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, तिच्या गाडीत खोटं सांगेन मी? तिला सायकल मी शिकवली! तुला वेळ नव्हता तेव्हा!"

"म्हणूनच खांबावर आदळली होती."

प्रत्येक वायर अशीच जोडली गेली. मी रंग सांगायचो, तो खाली वाकून खात्री करून घ्यायचा, आणि मी दात-ओठ खात पुढचा रंग सांगायचो. शेवटी लेक गाडीत बसली. हेडलाइट बंद ठेवून तिने बटण दाबलं, तसे खालचे दोन पिवळे दिवे एकटे लागले. बंद केले, पुन्हा लावले. बटणातला बारीक दिवाही लागत होता.

ती निघाली तेव्हा ठिणगी व्हॅनच्या बॉनेटला म्हणाला, "काही लोकांनी वळणावर हॉर्न द्यावा."

"देते," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये लवकर आलो, तर तो आधीच आलेला. मी एकच नट उगाच सैल करत होतो आणि घट्ट करत होतो. पलीकडे कसलाही आवाज नव्हता. माझा फोन वाजला तेव्हा पाना माझ्याच पायावर पडला.

"काका, पोचले. धुकं खूप होतं, पण कड शेवटपर्यंत दिसत होती. बाबांना सांगा."

"पोचली!" मी ताडपत्रीकडे तोंड करून ओरडलो. "कड दिसत होती शेवटपर्यंत!"

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "ओरडतोस कशाला? ऐकू येतं मला."

ऐकू येतं, पण दिसत कुठे? अगदी ओठांवर आलं होतं. इतक्या वर्षांत असलं उत्तर मी कधी वाया घालवलं नव्हतं. गिळलं. घशात अडकलं, पण गिळलं.

थोड्या वेळाने ताडपत्रीच्या खालून एक हात आला. त्यात दोन वायरींची टोकं होती.

"डावी तांबडी, उजवी हिरवी," मी म्हणालो.

"तुझी डावी की माझी?"

मी त्याला एक कचकचीत शिवी दिली, ताडपत्री उचलली आणि पलीकडे गेलो.