धरणाकडं पाठ

भाताच्या रोपांच्या ओल्या मुळांचा वास आला की आईची ती भातलावणी आठवते. त्या पावसाळ्यात शेजारच्या खोऱ्यातलं धरण फुटलं, आणि मुळशी धरणाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या माझ्या आईच्या पोटात कळा सुरू झाल्या, अन्न टिकेना. पौडचे डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही, भीती बसलीय. लावणीतही तिची नजर धरणाच्या भिंतीवर, म्हणून ओळ वाकडी जायची. शेवटी शेजारीण खेकसली, "लई झालं! धरणाकडं पाठ कर आन् लाव." आई वळली. पण रोपं लावत माणूस मागं मागं सरकतं, तशी ती दिवसभर धरणाकडंच सरकत गेली. टाच बांधाला टेकली तेव्हा तिनं वळून पाहिलं. भिंत सकाळपेक्षा जवळ होती. ती शेजारणीला म्हणाली, "भाकर उरलीया का गं?" आता माझ्या तपासणीचा निकाल दवाखान्यातून फोनवर कळायचा असला की मी फोनकडं पाठ करून तांदूळ निवडत बसते.